वहिनी, भाकर उघडली

वहिनी, भाकर उघडली!

तुम्ही गेल्याला त्या दिवशी बाविसावा दिवस होता. सकाळचे साडेनऊ, टाकीवरचे दिवे नुकतेच लागलेले. मी दुकानावर निघालो होतो, एक पाय चपलेत, एक बाहेर. तेवढ्यात आतून दादा ओरडला. दादा तसा ओरडूनच बोलतो. सारा जन्म लूमच्या खडखडाटात गेला, हळू बोलायची सवयच राहिली नाही. पण हे ओरडणं वेगळं होतं. “दीपक! आरे आठे ये! तुन्या वहिनीनी भाकर देख!”

तसाच एका चपलेनिशी आत धावलो. आणि खोटं नाही सांगत वहिनी, अख्खी उघडली होती. ताटाएवढी भाकर, कडेपासून मधोमधपर्यंत बारीक बारीक तुरे बाहेर काढून पाण्यात डोलत होती. मधल्या दिवसांत काही घडलंच नाही असा आव. मी नाचलो. दादा रडला. मग मी रडलो आणि दादा हसला. शेजारची मावशी पळत आली, की आता या घरात आणखी काय झालं. तिला मी टाकीसमोर उभं केलं आणि म्हटलं, “बघा!” तिनं बघितलं, मान डोलावली, आणि “चहा घेतला का तुम्ही दोघांनी?” असं विचारून निघून गेली.

परवा दुकानात एका गिऱ्हाइकालाही सांगितलं. लूमची जळालेली मोटर घेऊन आला होता बिचारा. म्हणाला, “भाकर उघडली म्हणजे? फुगली का?” मग त्याला पहिल्यापासून सांगावं लागलं. माझ्या वहिनीची घरात समुद्राची टाकी आहे, अडीचशे लिटरची. मासे त्यात दोनच, खरा पसारा प्रवाळांचा. त्यातलं सगळ्यात मोठं, मऊ, तपकिरी, एका देठावर गोल पसरलेलं, ते आमच्या वहिनीला पहिल्या दिवशीच ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीसारखं दिसलं, म्हणून त्याचं नाव भाकर. कतारगामचे हसमुखभाई, हिऱ्याचे कारागीर, त्यांनी त्यांच्या टाकीतल्या प्रवाळाचा तुकडा दिला, तेव्हा ती अंगठ्याच्या नखाएवढी होती. आठ वर्षांत ताट झाली. झाड नाही बाबा, प्राणी आहे, जिवंत आहे. गिऱ्हाईक सगळं ऐकून घेऊन म्हणालं, “मोटर कधी मिळेल?”

अशा लोकांसमोर मी काय सांगू, वहिनी? हे तुम्हालाच सांगायला हवं.

आपल्या दोघांची वाटणी ठरलेली होती. पाणी तुमचं, मोटर माझी. तुम्ही पांडेसऱ्याच्या डाइंग मिलच्या लॅबमध्ये दिवसभर पाणीच तपासायच्या. पाणी जड असलं तर रंग डाग धरतो, म्हणून नळीत थेंब मोजून टाकायच्या आणि रंग कुठल्या थेंबाला फिरतो ते बघायच्या. घरी आल्यावर पुन्हा तेच, फक्त आपल्या टाकीच्या पाण्यावर. निळा पिवळा झाला की तुमच्या तोंडावर असं काही समाधान यायचं, की मी म्हणायचो, दिवसभर पुरलं नाही का? तुम्ही म्हणायच्या, “तठे मालकानं पानी, आठे मनं.” तिथलं मालकाचं, इथलं तुमचं. मग मिलमधून आणलेल्या रद्दी लॉट कार्डाच्या कोऱ्या पाठीवर आकडा लिहायच्या. एक दिवस चुकला नाही. मी आपला पंप उघडायचो, चक्रीतला चुना व्हिनेगरमध्ये भिजवून काढायचो, इन्व्हर्टरची बॅटरी बघायचो, आणि वर ऐकवायचो, की मोटर थांबली तर तुमचं हे सोन्यासारखं पाणी चार तासांत गटार होईल. तुम्ही म्हणायच्या, पाणी बिघडलं तर तुमची मोटर काय फिरवणार, प्रेतं? आठ वर्षं हे भांडण चाललं. जेवताना, चहाला, पाहुण्यांसमोर. निकाल काही लागला नाही.

आता म्हणाल, भाऊ हिशेब चुकता करायला बसला. तसं नाही. मला या सुरतेत आणलं कोणी? पारोळ्याकडच्या आपल्या गावातून सोळाव्या वर्षी मला ट्रेनमध्ये बसवलंत, आयटीआयला घातलंत. “हात चालतात त्याचे, डोकं नंतर चालेल” असं दादाला सांगितलंत ते मी दारामागून ऐकलं होतं. आज मी स्वतःच्या दुकानात बसून मोटरी बांधतो ते त्या एका वाक्यावर. आभार मी कधी मानले नाहीत. आपल्यात मानत नाहीत, म्हणून सुटलो. आता मानतो. वहिनी, तुमच्यामुळे मी माणसात आलो.

आणि तुमच्याशी शेवटचं बोललो ते खोटं बोललो.

हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. हसमुखभाई गेल्या दिवाळीला सगळे हिरावाले जातात तसे कारखान्याच्या सुट्टीत सौराष्ट्रात गावी गेले, मागं घरात वीज ट्रिप झाली, आणि परत आले तेव्हा टाकीत काही उरलं नव्हतं. त्यांनी हाय खाल्ली. मग पुन्हा दगड लावले, पाणी भरलं, आणि रिकामी टाकी महिनोन्महिने चालवत बसले. तुम्ही ठरवलं, भाकरीचा तुकडा कापून त्यांना द्यायचा. त्यांचीच लेक आहे, माहेरी पाठवू. रविवार ठरला. आणि मी बिथरलो. आठ वर्षं वाढवलेल्या जिवाला ब्लेड लावायचं? काही झालं तर? मी म्हटलं, अजून मोठी होऊ द्या. तुम्ही म्हणालात, मोठी झाली म्हणूनच कापायची. मी म्हटलं, माझ्या मोटरीवर वाढली, मला विचारा आधी. त्यावर तुम्ही शांतपणे म्हणालात, “भाऊ, भाकर वाटीसन खावानी ऱ्हास.” वाटून खायची, हे खरंच होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

मंगळवारी मी तुमच्या खणातलं ब्लेड काढलं आणि माझ्या हत्यारांच्या पेटीत टाकलं. गुरुवारी तुम्ही विचारलंत, “भाऊ, मनं ब्लेड देखं का?” मी म्हटलं, नाही. शुक्रवारी तुम्ही कामावर गेलात त्या परत आला नाहीत. रविवार आला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, आणि ब्लेड माझ्या पेटीत, पक्कडीखाली.

त्या दिवसांत मला एकच कळत होतं, की भाकर मेली तर मी तोंड दाखवायच्या लायकीचा नाही. तुमचा शब्द मी अडवला, आता निदान तो पुरा होईपर्यंत ती जगली पाहिजे. दादा भिंतीला टेकून बसलेला असायचा, माणसं यायची-जायची, आणि मी टाकीजवळ. मे महिना, सुरतचा उकाडा, टाकी तापू नये म्हणून पाण्यावर दोन पंखे लावलेले. पंख्यानं पाणी उडायचं, रोज चार लिटर तरी. मी रोज सकाळी निळ्या ड्रममधून चार लिटर भरून टाकायचो. रेषेला रेष जुळवायचो. मनाशी म्हणायचो, वहिनी, बघा, पाणीपण जमतंय.

वहिनी, हसू नका. निळा ड्रम.

पांढऱ्या ड्रममध्ये आरओचं साधं पाणी, निळ्यात मीठ कालवलेलं, महिन्याला बदलायचं ते. तुम्ही ड्रमवर काही लिहिलं नव्हतं, कारण तुम्हाला लिहायची गरज नव्हती. मी विचार केला, समुद्राची टाकी आहे, समुद्राचं पाणी कमी झालं, तर समुद्राचंच टाकायचं. यात चुकीचं काय? कोणीही शहाणा माणूस हेच करेल. आणि तुम्ही मला शंभर वेळा सांगितलं होतं, “भाऊ, पानी उडस, मीठ उडत नही. उडेल पानीच तेवढं भरानं.” शंभरही वेळा मी पंपाचा स्क्रू फिरवत हं हं केलं होतं.

चौथ्या दिवशी भाकरीनं तुरे आत घेतले. सहाव्या दिवशी कडा वळल्या. आठव्या दिवशी ती आक्रसून मुठीएवढी झाली आणि अंगावर मेणासारखा थर आला. मी पंप तीनदा उघडून साफ केला. मला दुसरं येतं काय?

नवव्या दिवशी तुमचं जलदान. दारात मांडव, बौद्धाचार्य आलेले, गल्ली भरून माणसं. तुमच्या लॅबमधल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून पुढं बसल्या होत्या. ताटात वाटी ठेवलेली, दादाच्या हातात तांब्या, त्याच्या हाताला माझा हात. वाटी भरून वाहेपर्यंत धार धरायची. दादाचा हात मी घट्ट पकडला होता. बौद्धाचार्य गाथेचा अर्थ समजावून सांगत होते, त्यात नद्या होत्या आणि समुद्र होता. मी धारेकडे बघत होतो. साधं पाणी. नळाचं, गोडं पाणी. नद्याही गोड्याच. तापी इथून पाच-सहा कोसांवर समुद्राला मिळते ती काय मीठ घेऊन जाते? समुद्राचं पाणी उन्हानं उडतं, मीठ मागं राहतं, वरून पुन्हा गोडं पाणी येतं, म्हणून तर तो आहे तसा राहतो. आणि मी नऊ दिवस...

“अरे मेलो!” मी म्हणालो. मोठ्यानं. जलदानात.

लॅबमधली एक बाई हुंदके द्यायला लागली. कोणी तरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. वाटी भरली, ताटात वाहिली, सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, आणि उठलो तो सरळ आत. तुमची ती डोळ्याला लावून बघायची नळी काढली, काचेवर टाकीचा एक थेंब ठेवला आणि उजेडाकडे धरली. मीठ पस्तीस हवं. चाळीस होतं.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी पांढऱ्या ड्रमची बादली भरली आणि ओतायला उचलली. पाच जास्त झालंय ना, आत्ताच्या आत्ता उतरवतो. तेवढ्यात मागून दादानं मनगट धरलं. नऊ दिवसांत तो पहिल्यांदा त्या भिंतीपासून उठला होता. टाकीतलं त्याला काही कळत नाही, आठ वर्षांत त्यानं काचेला बोटही लावलं नव्हतं. त्यानं फक्त विचारलं, “तिनी तुले काय सांगेल व्हतं? मिलनं?”

आठवलं. तुम्ही जेवताना सांगायच्या, जेट मशीनमध्ये कापड रंगताना मिनिटाला एक डिग्री चढवायची, एकच. घाई केली की तागा डागाळतो, आणि एकदा डागाळला की मालक काय, कोणीच काही करू शकत नाही. दादाला ते पाठ होतं, कारण ते तो तुमच्याकडून रोज ऐकत होता. मला वाटायचं त्याला ऐकू येत नाही.

मग आम्ही दोघं भावांनी सहा दिवस लावले. रोज पाच लिटर खारं पाणी काढायचं, पाच लिटर साधं टाकायचं, तेही एकदम नाही, अर्धा अर्धा लिटर, दोन दोन तासांनी. आणि पंख्यानं उडेल तेवढं वेगळं, पांढऱ्या ड्रममधून. मी दुकानावर गेलो की दादा तांब्या घेऊन बसायचा. तो जलदानाचाच तांब्या, वहिनी. त्याला दुसरा घे म्हटलं तर ऐकायला तयार नाही. लॉट कार्डाच्या पाठीवर आकडे लिहायला लागला. अक्षर वाकडं, पण लिहिलं. एकोणचाळीस. अडतीस. अडतीस. सदतीस. तुमच्या शेवटच्या आकड्याखाली त्याचा पहिला आकडा आहे. पस्तीस आला त्या दिवशी त्यानं त्याभोवती गोल केला आणि मला म्हणाला, आज डाळबट्टी कर. केली. बट्ट्या दगडासारख्या झाल्या, तरी दोघांनी पोटभर खाल्ल्या.

पण भाकर बंदच. पाणी पस्तीस, मोटर चकाचक, आणि ती आपली मूठ आवळून, मेण पांघरून बसलेली. अठराव्या दिवशी मी न राहवून हसमुखभाईंना फोन केला. मनात म्हटलं, येतील, बघतील आणि म्हणतील, मारलीस. आले. खिशातून हिरा बघायचं भिंग काढलं, डोळ्यात अडकवलं, आणि काचेला नाक लावून पाच मिनिटं बघत राहिले. मग बाही वर करून हात आत घातला, भाकरीला हळूच स्पर्श केला, आणि बोटं हुंगली.

“वास नथी,” म्हणाले. “सडलं असतं तर वास आला असता. जीवे छे. अंगावरचं जुनं कातडं टाकायचंय तिला, पण टाकणार कसं? इथं पाण्याला जोरच नाही. तुमचा पंप कुठं तोंड करून बसलाय? पेली बाजू? फेरवा इकडे.”

वहिनी, मी पंप फेरवला. मोटरीचं तोंड भाकरीकडे केलं. एवढंच. तुकड्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. तुम्ही त्यांना शब्द दिला होता हे मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. जाताना तुमच्या फोटोपुढं उभे राहिले आणि म्हणाले, “बेन होत्या तर हे काम अर्ध्या दिवसाचं होतं.” मला बरोबर लागलं. लागायलाच हवं होतं.

बाविसाव्या दिवशी तिनं कात टाकली. तो मेणाचा थर कडेनं सुटून पाण्यात फडफडत निघून गेला, आणि खालून नवी कोरी भाकर. तेव्हाचं आमचं नाचणं-रडणं वर सांगितलंच आहे. तर वहिनी, भांडणाचा निकाल ऐका. पाणी तुमचंच बरोबर होतं, ते पस्तीसला आलं नसतं तर मोटरीनं काही झालं नसतं. पण शेवटचा धक्का मोटरीनं दिला! हे मी सोडणार नाही. अर्धं तुमचं, अर्धं माझं. तुम्ही असता तर म्हणाला असता, सत्तर-तीस. म्हणा. साठ-चाळीसला मी तयार आहे.

दोन आठवडे तिला नीट जोर धरू दिला. मग एका रविवारी पेटी उघडली, पक्कड बाजूला केली आणि ब्लेड काढलं. आधी दादाला सगळं सांगितलं. ब्लेडचं, गुरुवारचं, खोटं बोललो ते. त्यानं ब्लेड हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाला, “तिले माहीत व्हतं. मले सांगे, भाऊनी पेटीम्हा शे. त्याना राग उतरू दे, तोच देई.”

वहिनी, तुम्हाला माहीत होतं? आणि तरी विचारलंत. मला खरं बोलायची एक संधी दिलीत, आणि मी ती वाया घालवली. चिडलो मी तुमच्यावर, खरंच चिडलो. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. बाहेर आलो तर दादानं परातीत टाकीचंच पाणी काढून ठेवलं होतं.

हातमोजे घातले, तुमचा लॅबचा चष्मा लावला. भाकर परातीत घेतली आणि कडेची एक पाचर कापली, भाकरीचा चतकोर मोडतात तशी. दादा म्हणाला, “डोकं चालाले लागनं तुनं.” चतकोर एका छोट्या दगडावर ठेवून वरून जाळी बांधली, पिशवीत पाणी, पिशवी डब्यात, डबा मांडीवर घेऊन दादा स्कूटरच्या मागं. बमरोलीच्या आपल्या घरून कतारगामपर्यंत मी असा चालवत गेलो, की सायकलवाले ओव्हरटेक करत होते. मागून दादा सारखा ओरडत होता, हळू, हळू, आणि प्रत्येक सिग्नलला लोक वळून बघत होते. हसमुखभाईंच्या हातात डबा दिला तेव्हा मी तयार केलेलं मोठं वाक्य विसरलो. फक्त म्हटलं, “वहिनींनी पाठवलंय.” त्यांनी डबा कपाळाला लावला.

काल सकाळी त्यांचा फोन आला. “दीपकभाई, चोंटी गयुं! दगडाला धरलं तिनं. जाळी काढली. आणि सांभळो, खुली गयुं. बधुंय खुली गयुं!” मागं त्यांच्या घरातली माणसं टाळ्या वाजवत होती. मी फोन दादाच्या कानाला लावला आणि त्यांना म्हटलं, पुन्हा सांगा, जोरात सांगा. दादानं ऐकलं, कार्ड घेतलं, आणि आजच्या आकड्यापुढं लिहिलं, कतारगाम, उघडली.

आपल्या भाकरीची कापलेली कड भरून येतेय. निळ्या ड्रमवर मी ऑइलपेंटनं हातभर अक्षरात ‘मीठ’ लिहिलंय, पांढऱ्यावर ‘गोडं’. रोज सकाळी चार लिटर गोडं पाणी दादा त्याच तांब्यानं टाकतो, रेष जुळली की थांबतो.

आणि ब्लेड मी धुतलं, पुसलं, तेलाचं बोट फिरवलं. आज तुमच्या खणात ठेवलंय, वहिनी. जिथून घेतलं होतं, तिथंच.